उत्पत्तीचे सहा दिवस किती मोठे होते? ख्रिस्ती मंडळ्यांत यावर एकमत का नाही?

प्रश्न वडगाव शेरीच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी भूशास्त्र शिकते. कॉलेजच्या सहलीत ती सिंहगडाच्या घाटातले खडक पाहून आली आणि हे खडक साडेसहा कोटी वर्षांचे आहेत, असे तरुण संघात सहज बोलून गेली. त्यावर मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "सहा दिवस मानत नाही, तो बायबल मानत नाही." तेव्हापासून मुलगी संघात जात नाही. ताईंची जाऊ कॅथलिक आहे. ती म्हणते, आमचे फादर असे काही सांगत नाहीत. ताईंना जाणून घ्यायचे आहे की खरी ख्रिस्ती शिकवण कोणती.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो; त्याच्या पहिल्या अध्यायातले हे दिवस किती तासांचे, यावर सगळ्या मंडळ्यांनी मिळून ठरवलेली एकच शिकवण आज नाही आणि पूर्वीही नव्हती. उपासनेत आपण प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो, त्यात देव आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता आहे एवढेच आहे. निकेयाच्या मतांगीकारात दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा कर्ता असे आहे. दिवसांची लांबी दोन्हींत कुठेच नाही. चौथ्या शतकातल्या निकेयाच्या धर्मसभेतले लोक एकेका शब्दावरून वर्षानुवर्षे झगडलेले होते. दिवसांची लांबी त्यांना विश्वासाची कसोटी वाटली असती, तर त्यांनी ती कलमात घातलीच असती.

म्हणून त्या ज्येष्ठांचे वाक्य मला मान्य नाही. दिवस चोवीस तासांचे होते असे मानण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि त्या मतामागे भक्कम कारणेही आहेत. ती पुढे सांगतो. पण तसे न मानणाऱ्याला बायबलच मान्य नाही, हे म्हणणे चूक आहे. एका मुलीचे संघात येणे त्यापायी थांबावे, हे मला फार लागले.

आपल्या पुण्यातच बघा. औंध रस्त्यावर स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. ते ज्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीचे, तिने २०१५ साली आपल्या मूलभूत विश्वासाच्या कलमात सहा दिवसांची निर्मिती अलीकडच्या काळातली आहे, असे स्पष्ट शब्दांत घातले. नगर रस्त्यावर, तुमच्या घरापासून फार लांब नाही, पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप आहे. तिथे तयार होणारे फादर ज्या चर्चचे, त्याच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, सहा दिवसांचा क्रम प्रतीकरूप आहे असे म्हटले आहे. तुमची जाऊ म्हणते ते बरोबरच आहे. बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९८३ साली ती यवतमाळहून इथे आली, आणि वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे विद्यार्थी तिथे एकत्र शिकतात. हे सगळे एकच बायबल उघडतात, आणि देवाने सर्व काही निर्माण केले यावर त्यांच्यात तिळमात्र मतभेद नाही.

विज्ञान आले आणि ख्रिस्ती लोकांना अर्थ बदलावा लागला, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसे झालेले नाही. अडचण खुद्द अध्यायातच आहे, आणि ती सर्वांत आधी दिसली ती पवित्र शास्त्र जिवापाड वाचणाऱ्यांना. मुलीला सोबत घेऊन, हातात पेन्सिल घेऊन तो अध्याय वाचा. पहिल्या दिवशी देव म्हणतो, प्रकाश होवो. संध्याकाळ होते, सकाळ होते, पहिला दिवस. दुसरा होतो, तिसरा होतो. तिसऱ्या दिवशी झाडे आणि गवतही उगवते. सूर्य येतो तो चौथ्या दिवशी. मग आधीच्या तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी कशाने झाल्या? पुढे सातव्या दिवसापाशी थांबा. सहाही दिवसांच्या शेवटी येणारे ते 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' सातव्याला नाही. दुसऱ्या अध्यायात तर क्रमच निराळा दिसतो: तिथे शेतात झुडूप उगवण्याआधी मनुष्य घडवला जातो.

सूर्य नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस होता हे कोणत्या समजदार माणसाला खरे वाटेल, असे तिसऱ्या शतकात ओरिजेन या मंडळीच्या गुरूने विचारले. तो देवाचा शब्द नाकारत नव्हता. या गोष्टींतून गूढ अर्थ सांगितला आहे असे त्याचे म्हणणे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने या सहा दिवसांवर उपदेशमाला केली. ऐकायला हातावर पोट असणारे कारागीरही येत, आणि त्यांचा रोजगार बुडू नये याची त्याला काळजी असे. त्याने दिवस सरळ चोवीस तासांचाच घेतला. सूर्याआधी झाडे का, यावर त्याचे उत्तर मला आजही आवडते: सूर्यच जीवनाचे मूळ आहे असे समजून कोणी त्याला देव मानू नये, म्हणून गवत सूर्याहून वयाने मोठे ठेवले.

मंडळीचा थोर गुरू ऑगस्टिन याच्यावर मात्र जरा थांबतो. उत्पत्तीच्या सुरुवातीवर त्याने आयुष्यात पुन्हा पुन्हा लिहिले. एक ग्रंथ अर्धवट टाकला. मग सुमारे ४०१ ते ४१५ अशी चौदा-पंधरा वर्षे खपून उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर मोठा ग्रंथ पुरा केला. त्यातला त्याचा निष्कर्ष असा की देवाने सर्व काही एकाच क्षणी निर्माण केले. देवाला सहा दिवस लागावेत कशाला? मग दिवस म्हणजे काय? देवदूतांना सृष्टीचे ज्ञान ज्या क्रमाने झाले तो क्रम, असे त्याचे उत्तर. आपल्याला ते विचित्र वाटेल. 'देवनगरी' या ग्रंथात तर तो म्हणतो की हे दिवस कोणत्या प्रकारचे होते याची कल्पना करणे आपल्याला फार कठीण, कदाचित अशक्यच आहे. त्या काळी ना भूशास्त्र होते, ना कोणी खडकांचे वय मोजत होते. आणि एक प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण हल्ली त्याला उगाच आपल्या बाजूला ओढतात: पृथ्वीला सहा हजार वर्षेही झालेली नाहीत असेच ऑगस्टिन मानत होता. दिवस शब्दशः न घेणारा, पण पृथ्वी तरुण मानणारा असाही मोठा गुरू मंडळीत होऊन गेला आहे.

उत्पत्तीवरच्या त्या मोठ्या ग्रंथात ऑगस्टिनने दिलेला इशारा तुमच्या मंडळीच्या फलकावर लावावा असा आहे. तो म्हणतो, आकाश, पृथ्वी, तारे, प्राणी यांबद्दल ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही खात्रीचे ज्ञान असते. अशा माणसासमोर ख्रिस्ती मनुष्य शास्त्राचा अर्थ म्हणून भलतेच काही बोलू लागला, तर ऐकणारा हसतो. आणि मग पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांबद्दल याच पुस्तकातले तो का खरे मानील? थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने तेराव्या शतकात याच धर्तीवर नियम घालून दिला: शास्त्राचे सत्य ढळू देऊ नये, पण ज्या वचनाचे अनेक अर्थ होऊ शकतात त्याच्या एकाच अर्थाला असे चिकटू नये की तो खोटा ठरला तर शास्त्राचीच हेटाळणी व्हावी.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा पुढारी लूथर याने, सर्व काही एकाच क्षणी झाले हे ऑगस्टिनचे मत नाकारले. मोशेने (परंपरेने उत्पत्तीचा लेखक) शब्द सरळ वापरले, दिवस म्हणजे दिवस, असे त्याचे मत. त्याच सुधारणेतला दुसरा पुढारी कॅल्विन यानेही सहा दिवस खरेच मानले, पण १५५४ च्या उत्पत्तीवरील भाष्यात त्याने एक मोलाची गोष्ट सांगितली. चौथ्या दिवशी देवाने दोन मोठ्या ज्योती केल्या असे वचन आहे. पण शनी हा तारा चंद्राहून मोठा आहे असे ज्योतिर्विद सिद्ध करतात. मग? कॅल्विन म्हणतो, मोशे सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहितो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचे त्याने दुसरीकडे जावे, आणि त्या शास्त्राला नावेही ठेवू नयेत. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, पण लिहिले ते कमी शिकलेल्या बायांना कळावे असे. विदुषी असून सोप्या बोलीत बोलल्या, म्हणून त्यांचे ज्ञान कमी ठरत नाही. देव आपल्याशी आपल्या बोलीत बोलतो, हेच कॅल्विनचे म्हणणे.

सहा हजार वर्षांचा आकडाही अध्यायात नाही. वंशावळ्यांतल्या वयांची बेरीज करून तो निघतो. आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी १६५० साली निर्मितीचे वर्ष ख्रिस्तपूर्व ४००४ काढले, आणि १७०१ पासून ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले. समासातला आकडा हळूहळू वचनासारखा वाटू लागतो, ही माणसाची सवय. पण जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याच वंशावळ्यांतली वये जास्त आहेत. त्यांवरून पूर्वेकडच्या मंडळींनी जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ५५०९ धरला. दीड हजार वर्षांचा फरक नुसत्या हस्तलिखितांवरून पडतो.

एकोणिसाव्या शतकात खडकांचे थर सांगू लागले की पृथ्वी फार जुनी आहे, आणि तेव्हा दोन नव्या मांडण्या पुढे आल्या. स्कॉटलंडच्या थॉमस चाल्मर्स यांनी १८१४ च्या सुमारास मांडली ती गॅप थिअरी: पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये प्रचंड काळ गेला, पहिली सृष्टी उद्ध्वस्त झाली, आणि सहा दिवसांत देवाने ती पुन्हा घडवली. १९०९ च्या, टिपांसह छापलेल्या स्कोफील्ड बायबलमुळे ती जगभर गेली. मला ती पटत नाही. दुसरे वचन 'पृथ्वी आकारविरहित व शून्य होती' एवढेच सांगते. 'झाली' असे वाचण्यासाठी हिब्रू बरेच ओढावे लागते.

दुसरी मांडणी, दिवस म्हणजे युग. स्तोत्र ९० आणि २ पेत्र ३ मध्ये देवाला हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत, हा तिचा आधार. ह्यू मिलर या स्कॉटिश भूवैज्ञानिकाने तिचा पुरस्कार केला. अमेरिकेत १९२५ च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे साक्षीत मान्य केले होते. अनेकांना हा मधला मार्ग सोयीचा वाटतो, पण मला तो दोन्हीकडून अडकलेला दिसतो. अध्यायात फळझाडे तिसऱ्या दिवशी आणि मासे पाचव्या. जीवाश्मांत समुद्रातले जीव फळझाडांच्या कितीतरी आधी. अध्यायात पक्षी जमिनीवरच्या जनावरांआधी, जीवाश्मांत उलटे. युगे लांबवून क्रम जुळत नाही.

आज तुमच्या मंडळीत ऐकू येते ती 'सहा दिवस, सहा हजार वर्षे' मांडणी सध्याच्या रूपात बरीच अलीकडची आहे. अ‍ॅडव्हेंटिस्ट लेखक जॉर्ज मॅकक्रेडी प्राइस यांनी १९२३ साली सगळे खडकथर नोहाच्या जलप्रलयाने घातले असा ग्रंथ लिहिला. १९६१ साली जुन्या कराराचे अध्यापक जॉन व्हिटकॉम्ब आणि जलअभियंता हेन्री मॉरिस यांनी जलप्रलयावर पुस्तक लिहून ती कल्पना इतर मंडळ्यांत नेली. प्रवचने, पुस्तके आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ यांतून ती आपल्यापर्यंत आली. सामान्य दिवस मानणे जुने आहे, बेसिल आणि लूथर इतके जुने. पण जलप्रलयाने सगळे खडक समजावणे आणि त्यावर विश्वासाची परीक्षा घेणे, हे जुने नाही.

आता त्या ज्येष्ठांची बाजू, आणि ती हलकी नाही. एक, अध्यायात दिवसांना क्रमांक आहेत, संध्याकाळ-सकाळ आहे. सरळ वाचणाऱ्याला रोजचाच दिवस दिसतो. कॅम्पातल्या लाल देवळात, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगमध्ये, आजही शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो. संध्याकाळपासून दिवस मोजण्याच्या त्या रीतीशी या अध्यायाची लय जुळते. दोन, निर्गम २० मध्ये आज्ञाच आहे: सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, कारण परमेश्वराने सहा दिवसांत सर्व केले. आठवडा खरा आणि त्याचा आधार मात्र रूपक, असे कसे? तीन, आणि हे सर्वांत जड: पौलाचे रोमकरांस पत्र (रोम ५) म्हणते पापाद्वारे मरण जगात आले. कोट्यवधी वर्षांचे जीवाश्म म्हणजे आदामाआधी कोट्यवधी मरणे. मरण पापामुळे आले नसेल, तर ख्रिस्ताचा वधस्तंभ कशासाठी?

या तिसऱ्या प्रश्नाला मी कधी टाळत नाही. रोम ५:१२ नीट वाचा. तिथे मरण 'सर्व माणसांमध्ये' पसरले असे आहे. जनावरांविषयी पौल तिथे बोलत नाही. स्तोत्र १०४ मध्ये तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जतात आणि देवाजवळ आपले अन्न मागतात, आणि स्तोत्रकर्ता हे देवाच्या कृत्यांची स्तुती म्हणून गातो. तरी उत्पत्ती १:३० मध्ये जनावरांना हिरवी वनस्पतीच अन्न म्हणून दिली आहे, आणि रोम ८ मध्ये सारी सृष्टी कण्हत आहे. तेव्हा प्रश्न पुरता सुटला असे मी म्हणणार नाही. पण तो सोडवण्यासाठी खडकाला खोटे पाडावे लागत नाही.

त्या खडकाबद्दलही थोडे. सिंहगडाच्या घाटात काळ्या दगडाच्या थरांमध्ये मधूनच विटकरी रंगाचा मऊ पट्टा दिसतो. लाव्हा पसरला, थंड झाला, त्याच्या माथ्यावर हवापाण्याने माती झाली, आणि मग त्यावर नवा लाव्हा येऊन ती माती भाजली गेली. एकच पूर आला असता तर दोन थरांमध्ये माती व्हायला उसंत कुठून मिळाली असती? तुमच्या मुलीने हेच पाहिले असणार. तिने देवाच्या हातचे काम पाहिले आणि ते जसे आहे तसे सांगितले.

माझे मत विचाराल, तर मी चौकट मानणाऱ्यांच्या, म्हणजे सहा दिवस हा मांडणीचा आराखडा आहे असे म्हणणाऱ्यांच्या, बाजूला झुकतो. १९२४ साली नेदरलंड्सच्या आरी नोर्टझाय यांनी आणि १९५८ साली मेरेडिथ क्लाइन यांनी ही मांडणी नेटकी केली. दुसऱ्या वचनात पृथ्वी आकारविरहित आणि शून्य, म्हणजे रिकामी आहे. पहिल्या तीन दिवसांत आकार येतो: प्रकाश आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत रिकामेपण भरते: ज्योती, मग पक्षी आणि मासे, मग जनावरे आणि मनुष्य. पहिला चौथ्यासमोर, दुसरा पाचव्यासमोर, तिसरा सहाव्यासमोर. चौथ्या दिवसाच्या सूर्याची अडचण या वाचनात उरत नाही, कारण दिवस घटनाक्रम सांगत नाहीत. जोड सगळीकडे चपखल बसत नाही, हेही खरे: ज्योती ठेवल्या आहेत त्या दुसऱ्या दिवसाच्या अंतराळात. निर्गम २० चा आक्षेपही उरतोच. त्यावर माझे उत्तर इतकेच की अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात त्याच शब्बाथाचे कारण मिसरातली गुलामी असे दिले आहे: तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तू स्वतः दास होतास. शब्बाथाची आज्ञा दिवसाच्या लांबीवर तोललेली नाही.

आणि ताई, सहाव्या दिवसाच्या लांबीवर आपण इतके भांडतो की त्या दिवशी काय झाले ते मागे पडते. १८७६ साली इंग्रज संशोधक जॉर्ज स्मिथने बाबेलची (बॅबिलोनची) निर्मितिकथा छापली, तेव्हा कुठे कळले की इस्राएलाचे शेजारी काय मानत होते. तिथे एका बंडखोर देवाच्या रक्तातून माणूस घडवला जातो, तो देवांची कामे ओढण्यासाठी. देवाची प्रतिमा म्हणून त्या देशांत मिरवे तो राजा. उत्पत्ती १:२७ मध्ये देवाच्या प्रतिरूपाचा आहे तो प्रत्येक मनुष्य, नर आणि नारी. आपल्या नगर जिल्ह्यात ज्या महार आणि मांग वस्त्यांनी ख्रिस्त स्वीकारला, ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्यापर्यंत हे वचन पोहोचले तेव्हा त्याचे वजन काय असेल? आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे त्याच वस्त्यांतले. या वचनासाठी मी कोणाशीही भांडायला तयार आहे. तासांसाठी नाही.

मुलीसोबत पुढच्या काही आठवड्यांत उत्पत्ती १ आणि २, ईयोब ३८, स्तोत्र १०४ आणि योहान १ हे अध्याय वाचा, एका वेळी एकच. प्रत्येक वेळी दोघींनी विचारायचे: हा अध्याय देवाबद्दल काय सांगतो? ती तिच्या पुस्तकांतले काही सांगू लागली तर तेही ऐका. मग पाळकसाहेबांना भेटून तरुण संघात या विषयावर एक बैठक मागा. त्या ज्येष्ठांना निर्गम २० वर बोलू द्या, आणि मुलीला घाटातल्या त्या विटकरी पट्ट्यावर. मध्येच कोणी कोणाला अविश्वासी म्हणायचे नाही, हे पाळकसाहेबांनी सुरुवातीलाच सांगून ठेवावे. पण हे सगळे मुलीची तयारी असेल तरच. ती अजून दुखावलेली असेल तर आग्रह धरू नका, वाचन घरीच चालू ठेवा. आणि त्या ज्येष्ठांशी तुम्ही किंवा तिच्या वडिलांनी आधी एकदा शांतपणे बोलून घ्या.